तिसरं दशक

बुधवार, ५ मार्च २०२५. राखेचा बुधवार

पहाटेच्या मिस्साला जाऊन कपाळावर राख घेतली आणि तसंच स्टेशन गाठलं. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद दिलेल्या झावळ्या जाळून ही राख करतात. आमच्या घरची झावळीही त्यात आहे. वर्षभर ती आल्तारावर क्रुसामागे खोचलेली होती, आईने मागच्या आठवड्यात चर्चमध्ये नेऊन दिली. विरार लोकलमध्ये निम्म्या कपाळांवर काही ना काही असतंच, गंध, बुक्का, कुंकू. त्यात माझी राख खपून जाते. ऑफिसात मात्र दरवर्षी एखादं नवं माणूस हळूच सांगतं, "सर, कपाळाला काहीतरी लागलंय."

रात्री पेज आणि लोणचं. उपासाचा नियम अठरा पूर्ण झाल्यापासून एकोणसाठपर्यंत; मांस वर्ज्य मात्र चौदापासून पुढे कायम. एकाहत्तर वर्षांची आई उपासातून केव्हाच सुटली आहे, पण ती सुटायला तयार नाही. थोरला सोळाव्या वर्षात, म्हणजे उपास नाही, पण मांसही नाही. त्याने विचारलं, "अंडं चालतं ना?" चालतं, आणि हे त्याला माहीत आहे. मला डिवचायलाच विचारलं असावं. आज त्याचा गणिताचा पेपर होता. मी आमलेट करून दिलं आणि विषय वाढवला नाही.

मग रोझरी. पाच दशकं आणि घरात माणसं पाच, असा आमचा सोयीचा हिशेब आहे. पहिलं माझं, दुसरं बायकोचं, तिसरं थोरल्याचं, चौथं आईचं, पाचवं धाकटीचं. बायकोची रात्रपाळी असली की तिचंही मीच म्हणतो. जानेवारीपासून तिसरं दशक रिकामं आहे. कधी आई भरून काढते, कधी धाकटी. परीक्षा आहे म्हणून मी गप्प. परीक्षा हे निमित्त आहे हे त्यालाही ठाऊक आहे, मलाही.

पाचवं दशक सध्या पोपसाठी. १४ फेब्रुवारीपासून ते रोमच्या इस्पितळात आहेत, दोन्ही फुप्फुसांना न्यूमोनिया.

(घरात आम्ही आमची सामवेदी बोलतो. वहीत मात्र शाळेतली मराठी येते. फळ्यावरून उतरवून घेण्याची जुनी सवय.)

रविवार, ९ मार्च

आज माझा हात उठला. एवढंच लिहून वही मिटणार होतो.

मिस्साची पहिली घंटा झाली तरी हा पांघरुणात. दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा पांघरूण ओढलं. तो उठून बसला आणि म्हणाला, "मी येणार नाही. आज नाही, पुढेही नाही. मला तिथे काहीच वाटत नाही." आवाज चढवला नव्हता त्याने, हे आता लिहिताना आठवतं. "माझ्या घरात राहायचं असेल तर..." हे वाक्य मी सुरू केलं आणि ते पुरं होण्याआधी थप्पड बसली. दारात आई उभी होती, लाल लुगडं नेसून, हातात प्रार्थनेचं पुस्तक. तिच्यामागे धाकटी. कोणी काही बोललं नाही. आई फक्त म्हणाली, "चला, उशीर होईल."

आजचं पहिलं वाचन माझ्याकडे होतं. अनुवादाच्या पुस्तकातलं. शेतकऱ्याने पहिल्या पिकाची टोपली वेदीपुढे ठेवायची आणि आपली कुळकथा सांगायची: माझा पूर्वज भटका होता, इजिप्तात गेला, तिथे हाल झाले, देवाने सोडवलं. बापाने मुलाला सांगत सांगत आलेली कथा. ती मी नीट, शब्दांवर वजन देत वाचली. खाली उतरल्यावर एका बाईंनी वाचन छान झालं म्हणून मान हलवली.

ख्रिस्तशरीर घ्यायला रांगेत उभा राहिलो तेव्हा जाऊ की नको असं एकदाच वाटलं. गेलो. न जाणं लोकांच्या नजरेत आलं असतं, हे कारण होतं, दुसरं नाही. डाव्या तळव्यावर घेतलं, उजव्या हाताने उचलून तोंडात घातलं. तोच हात.

घरी आलो तेव्हा तो विज्ञानाचं पुस्तक उघडून बसला होता. उद्या पेपर आहे.

शुक्रवार, १४ मार्च. धुळवड

काल शेजारून पुरणपोळ्या आल्या. आज त्यांच्याकडे मटण. सालाबादप्रमाणे भाऊ गेटपाशी येऊन म्हणाले, "डबा पाठवतो." मी म्हटलं, "भाऊ, शुक्रवार आहे, त्यात उपवासकाळ." त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे हो! बरं, आमच्या हिला सांगतो, तुमचं फ्रीजमध्ये काढून ठेव. उद्या जेवा." त्यांचा सोमवार आणि आमचा शुक्रवार एकमेकांना पाठ आहेत.

संध्याकाळी क्रुसाची वाट. चौदा स्थानं, चौदा वेळा गुडघा टेकवणं. धाकटी मोजते. थोरला केसात जांभळा रंग घेऊन सातला घरी आला. जांभळा हा उपवासकाळाचा रंग, फादरही सध्या त्याच रंगाचा झगा घालतात, असा विनोद ओठांवर आला होता. पण आमचं बोलणं बंद आहे. विनोद वाया गेला.

रविवार, १६ मार्च

थोरला माझ्याशी 'हो', 'नाही', 'ठेवलंय' यापलीकडे बोलत नाही. आजीशी बोलतो. मी आतल्या खोलीत रिटर्न भरण्याचे कागद लावत होतो, ओटीवरचं सगळं ऐकू येत होतं.

"आजी, आपल्याला पोर्तुगिजांनी बाटवलं. पोर्तुगीज १७३९ला गेले. चिमाजीअप्पाने किल्ला घेतला. मग नंतर आपण परत का नाही गेलो?"

कालच इतिहासाचा पेपर झालाय, आणि फोनवर काय काय दिसतं ते निराळं. पण प्रश्न चांगला आहे. मी त्याच्या वयाचा असताना मला तो पडला नव्हता. १५३४ साली वसई पोर्तुगिजांकडे गेली, २०५ वर्षं राहिली. ते गेल्याला आता २८६ वर्षं झाली. धाकाने आलेला धर्म धाक गेल्यावर गळून पडायला हवा होता. फिरंग्यांचे पाद्री गेले, किल्ल्यातली चर्चेस ओस पडली, तिथे आज भिंतींवर पिंपळ आहेत. पण नंदाखाल, गास, पापडी, आगाशी, निर्मळ इथली घरं तशीच राहिली. मी कागद खाली ठेवून आई काय म्हणते ते ऐकू लागलो.

आई कडधान्य निवडत होती. म्हणाली, "फिरंगी मी काही पाहिला नाही. मला रोझरी माझ्या आजीने शिकवली. तिला तिच्या आजीने."

"पण का शिकवली?"

"तू ताप आला की काय घेतोस? गोळी. आम्ही काय म्हणत होतो? रोझरी. गोळी कुठे होती तेव्हा?"

तो हसला. हे काही उत्तर नव्हे, पण बाहेर जाऊन माझं वेगळं उत्तर द्यावं तर ते माझ्याजवळ नव्हतं. वडिलांना विचारलं असतं तर तेही गप्प राहिले असते. ते लहानपणी वेदीसेवक होते. तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये असे आणि त्यातली उत्तरं त्यांना तोंडपाठ होती. अर्थ एकाही वाक्याचा ठाऊक नव्हता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आला. त्या पहिल्या मराठी मिस्साबद्दल ते म्हणायचे, "कळायला लागलं तेव्हा जरा भीतीच वाटली."

बुधवार, १९ मार्च. संत योसेफ

संत योसेफाचा सण. बायकोने दोन वर्षांपूर्वी झोपलेल्या योसेफाची वीतभर मूर्ती आणली होती. पोप फ्रान्सिस यांच्या टेबलावर तशी एक मूर्ती असते आणि काही अडचण आली की ते चिठ्ठी लिहून तिच्याखाली सरकवतात, हे त्यांनी २०१५ साली मनिलात स्वतःच सांगितलं होतं. तेव्हापासून जगभर या मूर्ती विकल्या जाऊ लागल्या. आमच्या योसेफाखालीही चिठ्ठ्या असतात. धाकटीची नेहमी वर असते आणि घडी घातलेली नसते, म्हणजे आम्ही वाचावी अशीच सोय. कुत्रा हवा आहे.

आज धूळ पुसताना तळाशी वहीच्या कागदाची एक घट्ट घडी दिसली. शाईचा रंग थोरल्याच्या पेनाचा. परीक्षेआधीची असणार. हातात घेतली. बराच वेळ हातात होती. ठेवली.

योसेफाबद्दल मला एकच गोष्ट कायम खुपते. चारही शुभवर्तमानांत त्याच्या तोंडी एक शब्द नाही. स्वप्न पडतं, तो उठतो आणि सांगितलेलं करतो. बाळाला घेऊन इजिप्तला जातो, परत येतो. बारा वर्षांचा मुलगा यरुशलेमात हरवतो, तीन दिवस शोधून सापडतो, तेव्हासुद्धा जाब विचारते ती मरिया. बाप बाजूला उभा. लहानपणी वाटायचं, काय हा माणूस. आता तीन दिवस शोधल्यावर हा गप्प कसा राहिला असेल, याचंच नवल वाटतं.

आमचे वडील गप्प गटातले. वाडीत पानवेल, केळी, थोडी फुलं. पहाटे पहिल्या गाडीने माल दादरला, दुपारी परत, मग पाणी लावणं. रविवारी मिस्सा, रोज रोझरी. त्यांनी मला धर्माविषयी काही सांगितल्याचं एकही वाक्य आठवत नाही. पण रोझरीला बसताना ते पायातल्या चिखलाकडे बघून आधी पाय धुऊन यायचे, कितीही थकलेले असले तरी. ते आठवतं.

आणखी एक बाप आहे, लुई मार्टिन. फ्रान्समधल्या आलाँसाँचा घड्याळजी. छोट्या तेरेजाचे वडील. तो आणि त्याची बायको झेली यांना १८ ऑक्टोबर २०१५ला एकत्र संत जाहीर केलं, पतिपत्नीला जोडीने हा मान पहिल्यांदाच. नऊ मुलं, चार लहानपणीच गेली, उरलेल्या पाचही मुली धर्मभगिनी. आमच्याकडे विवाह शिबिरात ही जोडी हमखास दाखवतात. मला ती जरा धास्तीच घालायची. पाचपैकी पाच! मग कुठेतरी वाचलं की म्हातारपणी लुईचं मन ढळलं आणि तीन वर्षं त्याला मनोरुग्णांच्या इस्पितळात ठेवावं लागलं. तेव्हापासून तो माणूस जवळचा वाटतो. शिबिरात ही गोष्ट सांगत नाहीत.

शनिवार, २२ मार्च

आज पापनिवेदन. उपवासकाळात बाहेरचे चार-पाच फादर येतात, मी मुद्दाम अनोळखी फादरांची रांग धरली. सगळेच धरतात. आपल्या धर्मगुरूंच्या रांगेत तीन म्हाताऱ्या आणि बाहेरच्यांकडे तीस माणसं.

फादरना गुप्ततेचं बंधन आहे, मला नाही, म्हणून लिहितो. थप्पड सांगितली. चर्चला न येण्यावरून सांगितलं. फादरनी विचारलं, "मुलाची माफी मागितलीत?"

"देवाची मागतोय ना, फादर."

ते हसले नाहीत. "देवाला त्याच दिवशी कळलंय. मुलाला कळलेलं नाही."

मग प्रायश्चित्त: मुलाची माफी मागायची, तोंडाने, ईस्टरच्या आत. एरवी तीन नमो मरिया मिळतात, चर्चच्या पायऱ्या उतरेपर्यंत त्या फिटतात. मी म्हटलं, "फादर, पण तो चर्चला येत नाही हेही..." ते म्हणाले, "ते त्याचं पापनिवेदन. तुमचं झालं."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती इस्पितळात नर्स आहे, सुई टोचायची तर पटकन टोचावी या मताची. "मग जा की आत. बसलाय तो."

मी वाडीत पाणी लावायला गेलो.

शुक्रवार, २८ मार्च

मार्च एण्डिंग. रात्री साडेदहाची गाडी. या गाडीला एका डब्यात भजनी मंडळ असतं, टाळ घेऊन. अभंग चालू, आणि मी खिशात हात घालून दहा मण्यांच्या अंगठीवर रोझरी म्हणतोय. ठेका त्यांचा, शब्द माझे. बोरिवलीपर्यंत जमलं, पुढे झोप लागली.

पोप इस्पितळातून घरी आले, रविवारी. पाचवं दशक धाकटीने कुत्र्याकडे वळवू का असं विचारलं. आईने नाही म्हटलं.

रविवार, ३० मार्च. पाडवा

शेजारी भाऊंची गुढी उभी राहिली. आमच्याकडे त्यांचा श्रीखंडाचा वाडगा आला, आणि चर्चमध्ये उधळ्या पुत्राचा दाखला. उपवासकाळाचा चौथा रविवार, या वर्षीच्या वाचनात हाच येतो. मी काही केलं तरी हा आठवडा चुकवता आला नसता.

हिशेबनीस म्हणून मला या दाखल्यात थोरल्या भावाची बाजू दरवेळी पटते. धाकट्याने आपला वाटा घेऊन उडवला. म्हणजे घरात उरलं ते सगळं थोरल्याचं. तो पोसलेला गोऱ्हा, ती अंगठी, ते जोडे, गाणारे-वाजवणारे, हा सगळा खर्च थोरल्याच्या खात्यावर. तो रागावणार नाही तर काय करेल? प्रवचनात फादर म्हणाले, त्या काळी घरच्या कर्त्या म्हाताऱ्याने असं धावत सुटणं शोभत नसे, आणि तरी तो धावला. ते ठीक. पण आज मला दुसरंच दिसलं. हा बाप दोनदा घराबाहेर येतो. एकदा धाकट्यासाठी रस्त्यावर, एकदा रुसलेल्या थोरल्याची समजूत घालायला अंगणात. आणि दोन्ही वेळा त्याची स्वतःची काही चूक नाही. मी चूक करूनही आतल्या खोलीतून ओटीपर्यंत गेलेलो नाही. आठ दिवस झाले.

तो आज चर्चला आला नाही. मी उठवलं नाही. आईने जाताना त्याच्या उशाशी श्रीखंड ठेवलं.

बुधवार, २ एप्रिल

पगार झाला. अंधेरीला उतरून त्याच्यासाठी फुटबॉलचे स्टड घेतले. जुने त्याच्या अंगठ्याला लागतात हे बायकोकडून कळलं होतं. खोका पलंगावर ठेवला. तो आला, उघडून बघितलं, पायात घातले, "बरोबर होतात," म्हणाला. मग "थँक्यू." मी "बरं" म्हटलं. आमचं एवढं लांब बोलणं महिनाभरात झालं नव्हतं.

बायकोने स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं. रात्री म्हणाली, "फादरनी बूट सांगितले होते?"

जेवणानंतर आईजवळ बसलो होतो. बोलता बोलता तिने मी आठ वर्षांचा असतानाची गोष्ट काढली. बैलगाडीच्या आरीशी खेळताना मी हात कापून घेतला, आणि वडिलांनी आधी मारलं, मग दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी दादरहून येताना त्यांनी खाज्याची पुडी आणली. "ती पुडी तुझ्यापुढे ठेवली आणि वाडीत गेले. रात्री मला विचारलं, खाल्ली का त्याने?" मला मार आठवतो, आणि पुडीही आठवते. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध होता हे मला आज, सत्तेचाळिसाव्या वर्षी, कळलं.

थोरल्याला स्टडचं सत्तेचाळिसाव्या वर्षी कळावं असं मला वाटत नाही. पण तोंड उघडत नाही.

रविवार, १३ एप्रिल. झावळ्यांचा रविवार

काल संध्याकाळी थोरल्याने स्वतःहून वाडीतून कोवळी झावळी कापून आणली. आजीसाठी. ती दरवर्षी पात्यांचे क्रूस विणते, शेजारच्या घरांनाही पुरतील एवढे. तिची बोटं आता नीट वळत नाहीत, म्हणून दुमड तिने दाखवायची आणि ओढून घट्ट करायचं त्याने. तासभर बसला होता. चौदा क्रूस झाले. सकाळी मिरवणुकीला तो आला नाही. त्याने ओढून घट्ट केलेला क्रूस माझ्या हातात होता.

गुरुवार, १७ एप्रिल. पवित्र गुरुवार

यंदा पाय धुण्यासाठी धर्मग्रामातले बारा बाप निवडले. यादीत माझं नाव. नाही म्हणायला कारण लागतं, आणि कारण सांगण्यासारखं नव्हतं.

"पाय धुवायला जायच्या आधी पाय धुऊन जा," बायकोने बजावलं. नखंही काढायला लावली.

वेदीपुढे अर्धवर्तुळात बारा खुर्च्या. आम्ही बारा जण उजव्या पायाचा मोजा काढून बसलेलो. कोणी बँकेत, कोणी रिक्षा चालवणारा, कोणी दूधवाला, एक निवृत्त मुख्याध्यापक. मोज्याविना सगळे सारखेच ओशाळे दिसतात. फादर सत्तरीचे, गुडघे धरलेले. प्रत्येकापुढे टेकायचं, उठायचं, पुढच्यापुढे टेकायचं. माझ्यापाशी आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. पाणी गार होतं. त्यांनी पाय पुसला आणि वाकून त्यावर ओठ टेकवले. शुभवर्तमानात पेत्र म्हणतो की माझे पाय तुम्ही धुवायचे नाहीत. मला पेत्राचा स्वभाव नेहमी आगाऊ वाटायचा.

मिस्सानंतर आराधना. आमच्या वॉर्डाची वेळ नऊ ते दहा. तिथून निघालो ते बावखलाच्या बाजूने, चालत. घरी थोरला ओटीच्या पायरीवर मोबाईल घेऊन बसला होता. मी चपला काढल्या आणि शेजारी बसलो.

"नऊ मार्चला मी तुला मारलं. चुकलो. मला माफ कर."

मोबाईलचा उजेड त्याच्या चेहऱ्यावर तसाच. मग तो म्हणाला, "आजीसमोर मारलंस."

"हो."

"आणि 'माझ्या घरात' म्हणालास."

थप्पडेपेक्षा ते जास्त लागलं असेल, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. "तेही चुकलं," मी म्हटलं. "घर तुझंही आहे."

"मी चर्चला येईनच असं नाही."

"त्यासाठी नाही सांगत."

"मग?"

खरं उत्तर एकच होतं. "फादरनी प्रायश्चित्त दिलंय."

"कधी?"

"बावीस मार्चला."

तो मोजत होता. "सव्वीस दिवस लागले तुला?" आणि मग, "म्हणजे ते स्टड..."

"त्यातलेच."

तो हसला. मोठ्याने, आई आत जागी झाली इतक्या मोठ्याने. माफ केलं असं काही तो म्हणाला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "पाणी बंद कर, मोटर चालू आहे." मी विसरलोच होतो. वाडीत चिखल झाला होता.

शुक्रवार, १८ एप्रिल

आज मिस्सा नसतो. दुपारी तीनला दुःखसहनाचं वाचन आणि क्रुसाचं चुंबन. घंटाही वाजत नाही, लाकडी खटखट्या वाजतो. उकाडा भयंकर. पेज.

रविवार, २० एप्रिल. ईस्टर

काल रात्री जागरणाचा मिस्सा. चर्चबाहेर अंधारात नवा अग्नी, त्यावरून पास्काची मोठी मेणबत्ती, तिच्यावरून आमच्या. थोरल्याच्या बाप्तिस्म्याला अशाच मोठ्या मेणबत्तीवरून त्याची छोटी मेणबत्ती मी पेटवली होती. ते बापाचं काम असतं. ती छोटी मेणबत्ती बायकोच्या लग्नाच्या साडीशेजारी कपाटात आहे, पंधरा उन्हाळ्यांनी वाकलेली. काल रात्री आम्ही तिघंच होतो. आई गुडघ्यांमुळे नाही आली, तो तिच्या सोबतीला राहिला.

सकाळी आई म्हणाली, मला साडेआठला जायचं आहे, हात धरायला कोणीतरी पाहिजे. आम्ही रात्री जाऊन आलो होतो. तो उठला, शर्ट घातला आणि तिला घेऊन गेला. आत बसला की बाहेर आंब्याखाली मित्रांबरोबर, ते मी विचारलं नाही. आईनेही सांगितलं नाही.

दुपारी इंदाळ, फुग्या, भाऊंकडे डबा. रात्री बातम्यांत पोप दिसले. सज्जात खुर्चीवर, आवाज जेमतेम. गुरुवारी ते रोममधल्या तुरुंगात जाऊन आले म्हणे. बहुतेक वर्षी कैद्यांचे पाय धुतात, यंदा ते जमणार नाही असं कैद्यांना सांगून आले.

सोमवार, २१ एप्रिल

दुपारी ऑफिसात डबा उघडत होतो तेव्हा थोरल्याचा मेसेज: "पप्पा, पोप गेले." मला आधी खोटं वाटलं. काल तर दिसले होते. मग फोनवर सगळीकडून यायला लागलं. आमच्या वेळेने सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी. बायकोने ड्यूटीवरून फोन केला. ऑफिसातल्या दोघा-तिघांनी येऊन हात दाबला, माझ्या घरचंच कोणी गेल्यासारखा. एकाने विचारलं, "तुम्हाला सुतक असतं का?" नाही म्हटलं.

घरी आलो तेव्हा चर्चची घंटा संथ लयीत वाजत होती. आल्तारापुढे आईने दोन मेणबत्त्या जास्त लावल्या होत्या. झोपलेल्या योसेफाखालची ती घट्ट घडी दिसली नाही. ज्याची होती त्याने काढून घेतली असेल.

रोझरीला बसलो. पहिलं दशक माझं झालं, दुसरं बायकोचं. तिसरं धाकटी सुरू करणार इतक्यात थोरला आतून आला, भिंतीला टेकून बसला आणि "पोपसाठी" एवढंच म्हणून त्याने सुरुवात केली. तीन-चार महिने म्हटलं नव्हतं, तरी कुठे अडला नाही. चौथं दशक आईचं. निम्म्यात तिला डुलकी लागली. उरलेल्या पाच नमो मरिया आम्ही चौघांनी मिळून म्हटल्या.